ताकदीचे इंजेक्शन: कोणी घ्यावे, केव्हा घ्यावे आणि कसे घ्यावे

“डॉक्टर, अंगात त्राणच राहिले नाही, एखादे ताकदीचे इंजेक्शन देऊन टाका,” ही विनंती महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दवाखान्यांत रोज ऐकू येते, आणि पुष्कळदा त्यावर सिरिंजमध्ये भरले जाते ते एक लालभडक औषध असते. रंग रक्तासारखा असल्यामुळे हे औषध थेट रक्त वाढवते, अशी समजूत रूढ झाली आहे. प्रत्यक्षात तो रंग बी-१२ या जीवनसत्त्वाच्या रेणूत मधोमध बसलेला कोबाल्ट धातू आणि त्याच्याभोवतीचे कडे यांच्यामुळे येतो. हा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की त्याची रचना उलगडायला १९५६ साल उजाडले. ते काम करणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना पुढे १९६४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ताकद या शब्दाने मात्र मोठा घोटाळा केला आहे. जीवनसत्त्वातून शरीराला ऊर्जा मिळत नाही; ऊर्जा भाकरी, भात, तेल आणि डाळ यांतूनच मिळते. ज्याच्या शरीरात बी-१२ कमी आहे त्याला या इंजेक्शनाने खरोखर उभारी येते, आणि ज्याच्या शरीरात ते पुरेसे आहे त्याचे इंजेक्शन थोड्याच वेळात लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून आपल्याला इंजेक्शनाची गरज आहे का, असल्यास कोणत्या आणि किती, आणि ते थांबवायचे केव्हा, हे रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी समजून घेतले पाहिजे. पुढचे विवेचन त्यासाठी आहे. मात्रा ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे. त्यांना योग्य प्रश्न विचारता यावेत एवढाच येथे हेतू आहे.

गोळी असताना सुई कशासाठी?

सुईने औषध लवकर पोहोचते हे खरे असले तरी सुई वापरण्याचे शास्त्रीय कारण वेगळे आहे. अन्नातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. जठरातले आम्ल ते सुटे करते, जठराच्याच पेशींतून स्रवणारा इंट्रिन्झिक फॅक्टर नावाचा पदार्थ त्याला धरून ठेवतो, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात पोहोचली की तेथे ते शोषले जाते. या वाटेवर कोठेही अडथळा आला, तर ताटात कितीही बी-१२ असले तरी ते रक्तात उतरत नाही. इंजेक्शन ही सगळी वाट टाळून औषध स्नायूत सोडते आणि तेथून ते रक्तात जाते.

या नेहमीच्या वाटेने एका वेळच्या जेवणातून जेमतेम दीड ते दोन मायक्रोग्रॅम बी-१२ शोषले जाते, आणि प्रौढ माणसाची रोजची गरजही दोन ते अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपासच असते. परंतु मोठी मात्रा घेतली, तर तिच्यातला सुमारे एक टक्का भाग इंट्रिन्झिक फॅक्टरच्या मदतीशिवायही आतड्यातून झिरपत रक्तात जातो. म्हणजे १००० मायक्रोग्रॅमची एक गोळी रोज घेतली, तर दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास औषध पदरात पडते, आणि ते गरजेच्या चौपट होते. त्यामुळेच केवळ आहारामुळे कमतरता आलेल्या, पण हातापायांच्या नसांची तक्रार नसलेल्या बहुतेक लोकांना मोठ्या मात्रेची गोळी पुरते. ही गोष्ट रुग्णाला क्वचितच सांगितली जाते, कारण सुई टोचल्याशिवाय उपचार झाल्यासारखे रुग्णालाच वाटत नाही.

मग सुईवाचून ज्यांचे खरोखर अडते ते कोण? हातापायांना मुंग्या येणे, तळपायांची आग होणे, चालताना तोल जाणे, बोटांची संवेदना बोथट होणे किंवा अलीकडे झपाट्याने विसरभोळेपणा वाढणे अशी मज्जासंस्थेची लक्षणे ज्यांना आहेत, त्यांच्या बाबतीत वेळ घालवणे धोक्याचे असते, कारण उशीर झाला तर नसांची हानी कायमची राहू शकते. त्यांना इंजेक्शनच दिले जाते. शरीर स्वतःच इंट्रिन्झिक फॅक्टरविरुद्ध उठते तो पर्निशियस अॅनिमिया, जठराचा भाग काढलेली किंवा वजन कमी करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया, लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असणे किंवा क्रोन्ससारख्या आतड्याला सूज आणणाऱ्या आजाराने तो खराब झालेला असणे, ही दुसरी कारणे होत. हिमोग्लोबिन फारच उतरलेले असेल किंवा सतत उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, तरीही सुरुवात सुईनेच होते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी रोज सकाळी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्यांमध्येही बी-१२ हळूहळू उतरते. आपल्याकडे या दोन गोळ्या एकाच डब्यात नांदणारी घरे थोडी नाहीत. अशा लोकांनी वर्षा-दोन वर्षांतून एकदा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

शाकाहाराचा मुद्दा महाराष्ट्रात टाळता येत नाही. बी-१२ जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते प्राणिजन्य अन्नातूनच पोहोचते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचे बी-१२ कमी आढळले होते. त्यांतले सगळे काही आजारी नव्हते. कमी आकडा आणि आजार या दोन गोष्टी एकच नाहीत, हे पुढे रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवावे लागते.

आधी रक्त, मग सुई

या लेखातली एकच सूचना पाळायची झाली तर ही पाळावी: इंजेक्शन घेण्यापूर्वी तपासणीसाठी रक्त द्यावे. रिपोर्ट यायला एक-दोन दिवस लागले तरी हरकत नाही. रक्त काढून झाल्यावर त्याच दिवशी इंजेक्शन घेता येते, फक्त क्रम उलटा होऊ देऊ नये.

हा क्रम आमच्याच घरात उलटा झाला. आईच्या तळपायांची आग होत होती, रात्री ती गार फरशीवर पाय टेकवून बसायची. जवळच्या एका दवाखान्यात तिला तपासणी न करता लाल इंजेक्शन दिले गेले आणि आठवड्याने आणखी एक. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी बी-१२ तपासायला सांगितले, तेव्हा लॅबच्या कागदावर “२००० पेक्षा जास्त” असे छापून आले. आकडा इतका मोठा दिसल्यावर कमतरता नाहीच, आग मधुमेहामुळे असावी, असा निष्कर्ष निघण्याची वेळ आली होती. सुदैवाने वर्षापूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या रक्ततपासणीचा कागद फाइलमध्ये सापडला. त्यात लाल पेशींचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, १०६ होते. ते साधारणपणे ८० ते १०० च्या दरम्यान असते. तेव्हा हिमोग्लोबिन बरे होते म्हणून त्या आकड्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. त्या एका जुन्या कागदामुळे तिचे उपचार पुढे चालू राहिले.

सुरुवातीला कोणत्या तपासण्या मागाव्यात, तर संपूर्ण रक्तगणना आणि पेशींचा सूक्ष्मदर्शकाखालचा अहवाल, बी-१२, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, आणि थकवा हीच मुख्य तक्रार असेल तर थायरॉइड व साखर. एमसीव्ही वाढलेले नसले म्हणून बी-१२ची कमतरता नाही असे समजू नये. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, बी-१२च्या कमतरतेत मोठ्या होतात, आणि आपल्याकडे अनेक स्त्रियांमध्ये दोन्ही एकत्र असल्यामुळे सरासरी आकडा बिनचूक दिसतो. बी-१२चा आकडा २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा खाली असेल तर कमतरता धरतात, २०० ते ३०० हा काठावरचा भाग मानतात, आणि तेथे लक्षणे पाहून किंवा बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे होमोसिस्टिन अथवा मिथाइलमॅलॉनिक अॅसिड तपासून निर्णय घेतात. होमोसिस्टिनचे रक्त काढल्यानंतर ते लवकर वेगळे केले नाही, तर आकडा खोटाच वाढतो. म्हणून घरी येऊन नमुना नेणाऱ्यापेक्षा लॅबमध्ये जाऊन रक्त दिलेले चांगले. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या कोणी घेत असेल, तर तेही लॅबला सांगावे, कारण बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही चाचण्यांचे निकाल चुकतात.

फोलिक अॅसिडबद्दल एक इशारा द्यावा लागतो, आणि त्याचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर स्त्रियांमधल्या एका गंभीर अॅनिमियाचा शोध घेण्यासाठी मुंबईत आली. गिरणी कामगार स्त्रियांमध्ये हा आजार दिसत होता आणि रक्तातल्या पेशी मोठ्या झालेल्या असत. यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात ते मार्माइट, दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होतात असे तिने दाखवले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. अडचण अशी की बी-१२ कमी असलेल्या माणसालाही फोलिक अॅसिड दिले तर रक्त सुधारते, रिपोर्ट चांगला दिसू लागतो, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून बी-१२ची स्थिती माहीत नसताना केवळ फोलिक अॅसिडच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत राहू नये. गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या अर्थातच बंद करायच्या नाहीत. फक्त बी-१२ही पाहून घ्या असे सुचवावे, विशेषतः घरात अंडी-मासे वर्ज्य असतील तर.

कोणते इंजेक्शन आणि किती

बी-१२ तीन रूपांत मिळते: सायनोकोबालामिन, हायड्रॉक्सोकोबालामिन आणि मेथिलकोबालामिन. ब्रिटनमध्ये हायड्रॉक्सोकोबालामिनचा प्रघात आहे, कारण ते शरीरात अधिक काळ टिकते. तेथे एक मिलिग्रॅमचे इंजेक्शन आठवड्यातून तीनदा असे दोन आठवडे देतात आणि कारण कायमचे असेल तर पुढे दोन ते तीन महिन्यांतून एकदा देत राहतात. नसांची लक्षणे असतील तर सुधारणा थांबेपर्यंत दिवसाआड चालू ठेवतात. भारतात ५०० किंवा १५०० मायक्रोग्रॅमचे मेथिलकोबालामिन अधिक लिहिले जाते आणि तेही आधी दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा अशा उतरत्या क्रमाने. कोणतेही रूप घेतले तरी सुरुवातीला साठा भरणे आणि नंतर तो राखणे हे दोन टप्पे असतातच. “पाच इंजेक्शनांचा कोर्स” संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. कारण आतड्यात किंवा जठरात असेल तर पाच इंजेक्शनांनी काही महिने निभावतात आणि मग माणूस पुन्हा त्याच दवाखान्यात तेच वाक्य म्हणत उभा राहतो.

अँप्यूलवरचे, म्हणजे औषधाच्या काचेच्या छोट्या कुपीवरचे, नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी. पुष्कळ इंजेक्शनांत बी-१२बरोबर बी-१, बी-६ आणि निकोटिनामाइड एकत्र असतात. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच हातापायांना मुंग्या येऊ लागतात, म्हणजे ज्या तक्रारीसाठी औषध घेतले तीच वाढते. इंजेक्शनही, “न्यूरो” नावाच्या गोळ्याही आणि वर दुकानातून आणलेली मल्टिव्हिटॅमिनही असे तिन्ही एकाच वेळी चालू असणारे लोक मी पाहिले आहेत. कोबाल्टची अॅलर्जी, पूर्वी एखाद्या इंजेक्शनाने आलेली गांधी, लेबर नावाचा डोळ्यांच्या नसेचा आनुवंशिक विकार आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी काहीही असेल तर ते सुईपूर्वी सांगितले पाहिजे. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही बी-१२ कमी असल्याचे सांगावे, कारण भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू शरीरातले बी-१२ निकामी करतो.

सुई टोचली जात असताना

येथे रुग्णाने मान वळवून भिंतीकडे पाहू नये. टोचताना पाहिले नाही तरी चालेल, पण तयारी पाहावी. तपकिरी काचेची छोटी अँप्यूल असते, कारण मेथिलकोबालामिन प्रकाशाने खराब होते. ती फोडण्यापूर्वी हातात मागून घेऊन नाव, मात्रा आणि मुदत वाचावी. मानेवर एक ठिपका असतो, तेथे कापसाने धरून दाबले की काच टक् असा आवाज करून तुटते आणि लाल औषध सिरिंजमध्ये चढते. आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली सिरिंज नाकारावी. सिरिंज आणि सुई सीलबंद पाकिटातून आपल्या डोळ्यांसमोर निघाली पाहिजे. हा आग्रह उद्धटपणाचा वाटत असेल, तर २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हेपॅटायटिस बीची साथ पसरली आणि अनेकांचा मृत्यू झाला, हे आठवावे.

औषध दंडाच्या वरच्या जाड स्नायूत किंवा नितंबाच्या वरच्या बाहेरच्या भागात दिले जाते. नितंबाच्या मधल्या किंवा खालच्या भागात दिलेली सुई पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला लागू शकते आणि पाऊल लुळे पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून शक्य असेल तर दंडच बरा. त्वचा स्पिरिटने पुसल्यावर ते वाळू द्यावे, नाहीतर चुरचुरते. सुई काढल्यावर कापसाने हलकेच दाबून धरावे, जोरजोराने चोळू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाचेक मिनिटे दाबून ठेवावे. ज्यांना सुई पाहून चक्कर येते त्यांनी निजूनच इंजेक्शन घ्यावे.

नंतर पंधरा-वीस मिनिटे दवाखान्यातच बसावे. बी-१२ने तीव्र अॅलर्जी क्वचितच येते, बी-१ असलेल्या मिश्रणाने थोडी अधिक, पण येते तेव्हा ती मिनिटांत येते: अंगावर गांधी, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी द्यायचे अॅड्रिनलिन जेथे हाताशी नाही, अशा ठिकाणी इंजेक्शन घेऊ नये. ब्यूटी पार्लर, व्यायामशाळा आणि शेजारच्या ओळखीच्या काकूंचे घर ही सगळी ठिकाणे यातच येतात. घरी घ्यायचे ठरलेच, तर नर्सकडून रीतसर शिकून घ्यावे आणि वापरलेली सुई टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून ती बाटली दवाखान्यात जमा करावी. कचऱ्याच्या पिशवीतून ती सफाई कामगाराच्या हातात घुसते.

त्यानंतरचे आठवडे

पहिल्या दोन-तीन दिवसांत तरतरी वाटते असे अनेक जण सांगतात, आणि त्यात मनाचा भाग किती हे ठरवणे अवघड असते. रक्तातला बदल मात्र मोजता येतो. नव्या कोवळ्या लाल पेशी आठवड्याच्या आत वाढू लागतात, हिमोग्लोबिन त्यापुढच्या आठवड्यांत चढते, आणि एमसीव्ही दोन महिन्यांच्या आसपास जागेवर येते. नसांना मात्र घाई नसते. आईच्या तळपायांची आग चौथ्या महिन्यात खऱ्या अर्थाने कमी झाली. मधल्या काळात “काही उपयोग होत नाही, बंद करू या” हे ती दर आठवड्याला म्हणत होती. सुरुवातीला काही दिवस मुंग्या थोड्या वाढल्यासारख्या वाटू शकतात, त्यामुळे घाबरून जाऊ नये.

अॅनिमिया तीव्र असेल तर उपचाराच्या पहिल्या आठवड्यात नव्या पेशी रक्तातले पोटॅशियम ओढून घेतात. हृदयविकार असलेल्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी या काळात डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे. रक्त भराभर तयार होऊ लागले की लोहाची दडलेली कमतरता वर येते, आणि हिमोग्लोबिन अर्ध्यावर अडकले तर बहुधा हेच कारण असते. चेहऱ्यावर मुरमासारखे पुरळ काही जणांना येते. दोन महिन्यांनी रक्तगणना पुन्हा करावी. बी-१२चा आकडा पुन्हापुन्हा तपासण्यात पैसे घालवू नयेत, कारण इंजेक्शन चालू असताना तो मोठा येणारच. आणि आकडा भरून दोन-तीन महिने झाले तरी थकवा तसाच असेल, तर थकव्याचे कारण दुसरे आहे असे समजून थायरॉइड, साखर, झोप आणि मन यांकडे वळावे.

साठा भरल्यानंतर, ज्यांचे आतडे व जठर ठीक आहे त्यांनी गोळी आणि आहारावर यावे. एक कपभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळते, अंड्यातून त्याच्या निम्मे. बांगडा आणि तारली चांगल्या, आणि कोकण-गोव्यात मिळणाऱ्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, तर बी-१२ने भरलेल्या असतात. शाकाहारी घरात दिवसभरात दोन वाट्या दही-ताक आणि एक पेला दूध खरोखर पोटात जाते का, हे प्रामाणिकपणे मोजून पाहावे. चहातले दूध यात धरू नये. आंबील, इडली किंवा स्पिरुलिना यांच्यावर विसंबू नये, कारण त्यांतून उपयोगी बी-१२ भरवशाने मिळत नाही.

डीचे इंजेक्शन वेगळ्या जातीचे

बी-१२ पाण्यात विरघळते, जास्त झालेले लघवीवाटे जाते, आणि म्हणून त्यात चूक झाली तरी सहसा निभावते. डी जीवनसत्त्व चरबीत विरघळते, शरीरात साठून राहते, आणि येथे चूक महागात पडते. बाजारात मिळणारे तेलकट इंजेक्शन सहसा ६ लाख युनिटचे असते. ते स्नायूतून हळूहळू शोषले जाते, रक्तातला आकडा कित्येक आठवड्यांनी शिखरावर पोहोचतो, आणि एकदा दिल्यावर परत घेता येत नाही. तपासणीत २५-हायड्रॉक्सी डीचा आकडा २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर सामान्यतः ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा अशी आठ आठवडे देतात आणि ती जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतली की चांगली शोषली जाते. आतड्यातून शोषणच होत नसेल किंवा तोंडावाटे औषध देणे अशक्य असेल, तरच सुईचा विचार करावा.

मोठी मात्रा एकदाच घेऊन वर्षभर मोकळे होण्याची कल्पना सोयीची असली तरी तिचा अनुभव चांगला नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांना दरवर्षी एकदा तोंडावाटे ५ लाख युनिट किंवा नुसती नकली गोळी देऊन पाहिले. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डी घेणाऱ्यांच्या गटात पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले.

सर्वांत जास्त घडणारी चूक घरातच होते. आठवड्याची पुडी रोजची समजून घेतली जाते, किंवा एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलेले असताना दुसऱ्यांकडून पुड्या सुरू होतात. मग मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी आणि वृद्धांमध्ये भ्रम अशी लक्षणे दिसू लागतात, कारण रक्तातले कॅल्शियम वाढलेले असते आणि त्याचा मारा मूत्रपिंडावर होतो. अशी शंका आली तर डी आणि कॅल्शियम दोन्ही लगेच थांबवून कॅल्शियम व मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासावे. मुतखडा, मूत्रपिंडाचा आजार, क्षयरोग किंवा सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत व इतर अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डीच्या मोठ्या मात्रेला हात लावू नये.

बाकीच्या सुया थोडक्यात

नवजात बाळाला जन्मानंतर लगेच मांडीत दिले जाणारे के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, सामान्य वजनाच्या बाळासाठी एक मिलिग्रॅम, हे नाकारू नये. बाळाच्या शरीरात के फार कमी असते आणि त्यामुळे होणारा मेंदूतला रक्तस्राव या एका सुईने टळतो. दारूचे व्यसन असलेला किंवा दीर्घकाळ उपाशी राहिलेला माणूस रुग्णालयात आला, तर ग्लुकोजच्या आधी बी-१ देणे हा तातडीचा उपचार आहे. लोहाचे इंजेक्शन जीवनसत्त्वाचे नव्हे आणि ते केवळ रुग्णालयातच घ्यावे.

शहरांतून आता शिरेतून क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन नावाचे रसायन देणारी ठिकाणे निघाली आहेत. त्वचा उजळते, थकवा जातो, अशी त्यांची जाहिरात असते. निरोगी माणसाला त्याची गरज असल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि जी-६-पी-डी नावाचे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या माणसात शिरेतून दिलेल्या क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने लाल पेशी फुटू शकतात, तर मूत्रपिंड कमकुवत असेल तर खडे होतात. गावाकडची पिवळी बाटली हा त्याचाच स्वस्त अवतार म्हणता येईल. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम सहा चमचे. पिवळा रंग बी-२चा असतो आणि त्याने लघवीही पिवळी होते. उलट्या-जुलाब चालू नसतील आणि तोंडाने पाणी पिता येत असेल, तर ही बाटली लावून घेण्याचे कारण नाही.

प्रत्येक इंजेक्शननंतर तारीख, औषधाचे रूप, मात्रा आणि कोणत्या दंडात दिले हे एका कार्डावर लिहून ठेवावे आणि अँप्यूलच्या खोक्याचा नाव-मात्रा असलेला तुकडा त्यालाच टाचावा, म्हणजे दुसऱ्या गावी गेल्यावर किंवा डॉक्टर बदलल्यावर “लाल होते, एवढेच आठवते” असे सांगण्याची वेळ येत नाही. आई आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दर तिसऱ्या महिन्याच्या एका तारखेला पेन्सिलीने गोल करते, आणि दवाखान्यात गेल्यावर खुर्चीवर बसण्यापूर्वीच कंपाउंडरकडे अँप्यूल मागते.